सामू किती?

परबकाकांकडे गाडी नाही, गाडीचा परवाना नाही आणि त्यांना गाडी चालवताही येत नाही. त्यांच्याकडे गाडीचा दरवाजा आहे. एकच. ड्रायव्हरच्या बाजूचा, राखाडी रंगाचा, काचेसकट. लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तो भिंतीला टेकून उभा असतो आणि काका रोज सकाळी चहाच्या आधी त्याला आंघोळ घालतात.

मी खोली बघायला आलो तेव्हा त्यांची ही आंघोळ चालू होती. दरवाजाला फेस फासलेला, समोर पाटावर काका, आणि नजर मनगटावरच्या घड्याळात. मी नमस्कार केला, तर त्यांनी हातानेच मला थांबवलं. फेस खाली ओघळू दिला, तांब्याभर पाणी मारलं, दरवाजा स्वतःसमोर उभा धरला, दांडा फिरवून त्याची काच खाली केली आणि त्या खिडकीतून माझ्याकडे बघत म्हणाले, "बोला."

मी खिडकीतून बोललो. दुसरं काय करणार? नाव सांगितलं, गाव सांगोला सांगितलं, परळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागल्याचं सांगितलं. शिक्षण विचारलं तेव्हा एम.ए. मराठी, आणि रससिद्धान्तावर लघुप्रबंध लिहिलाय हेही सांगितलं. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिलाच. कुणी शिक्षण विचारलं की शेवटच्या ओळीपर्यंत सांगायचं, ही सवय मला वडिलांनीच लावलेली.

काकांनी त्यातला 'रस' तेवढा उचलला. आत काकींकडे वळून म्हणाले, "गो, ऐकलंस? केमिस्ट गावलो."

मी ताबडतोब खुलासा केला. रस म्हणजे शृंगार, वीर, करुण वगैरे. रसायनाचा त्याच्याशी संबंध नाही. काका शांतपणे म्हणाले, "रस पातळ असतो ना?" मला हो म्हणावं लागलं. "रसायन पातळ असतं ना? मग झालं."

हा खुलासा मी पुढेही पुष्कळदा केला. काकांनी तो दर वेळी माझ्या विनयात जमा केला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "एवढा शिकलाय, पण काही येत नाही म्हणतो बघ. खरे शिकलेले असेच."

खोली मला मिळाली. ती त्यांच्या बहिणीची. बहीण कायमची कणकवलीला गेली आणि किल्ली काकांकडे ठेवून गेली. मुंबईत मला ओळखणारं एक माणूस नव्हतं, आणि या माणसाने खिडकीतून दोन प्रश्न विचारून मला छप्पर दिलं. त्या उपकारापुढे केमिस्ट तर केमिस्ट, असं मी ठरवलं. अडचण एवढीच झाली की बातमी चाळभर पसरली आणि कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी संध्याकाळी डोकेदुखीची गोळी मागायला येऊ लागल्या. मी एक पाकीट आणून ठेवलं.

आता दरवाजाचं कारण सांगतो.

काका आयुष्यभर शिवडीच्या एका गोदामात मुकादम होते. ट्रक लावून घ्यायचे, माल उतरवून घ्यायचा, हमालांची भांडणं सोडवायची. निवृत्त झाले तेव्हा म्हाताऱ्या शेठने गोदामापुढची कोपऱ्यातली मोकळी जागा त्यांना वापरायला दिली. तोंडी. तिथे काकांनी काय काढायचं ठरवलं, तर गाडी धुण्याचं केंद्र. तेही साधं नाही, 'सेल्फ'. यंत्र आपलं, पाणी आपलं, फेस आपला. गाडीवाल्याने यायचं, पाणी मारायची बंदूक हातात घ्यायची आणि गाडी स्वतः धुवायची.

चाळीत हे कुणालाच समजेना. ज्या मुंबईत सकाळी बादली-फडकं घेऊन येणारा माणूस तुमच्या आधी उठून गाडी पुसून जातो, तिथे माणूस शिवडीपर्यंत जाऊन, आपल्या हाताने गाडी धुऊन, वर पैसे का देईल? खालचा इस्त्रीवाला तर म्हणाला, "परबकाका, उद्या मी पण सेल्फ काढतो. इस्त्री माझी, हात तुमचा." काका चिडले नाहीत. "घरी भात तूच शिजवतोस ना? तरी गॅसवाल्याला पैसे देतोसच की," म्हणाले. इस्त्रीवाला पुन्हा इस्त्रीकडे वळला. पटलं म्हणून नव्हे, गोंधळला म्हणून. मीही गोंधळलोच होतो.

म्हातारे शेठ चैत्रात गेले. धाकट्या शेठला त्या जागेत ट्रेलर उभे करायचे होते. वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी काकांना दसऱ्यापर्यंत मुदत दिली. दसऱ्याला पहिली गाडी धुतली गेली तर जागा काकांची, नाहीतर ट्रेलरची. काकांनी शेड घातली, दोन गाड्या उभ्या राहतील असा ओटा केला, पाण्याची टाकी बसवली, यंत्र आणलं. सगळं झालं. राहिलं फक्त यंत्रात घालायचं रसायन. ते काही ठरेना. आणि ते ठरवायला घरात केमिस्ट होता.

माझं रसायनशास्त्र किती, तर दहावीपर्यंतचं. आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक काचेचं कपाट होतं. त्याची किल्ली मुख्याध्यापकांकडे असे आणि मुख्याध्यापक तालुक्याला. तेव्हा विज्ञान आम्ही कवितेसारखं पाठ केलं. त्यातले दोन शब्द अजून डोक्यात होते. एक 'सामू'. पदार्थ आम्ल की अल्कली, ते सांगणारा आकडा. इंग्रजीत ज्याला पीएच म्हणतात तो. सात म्हणजे उदासीन, ना इकडचा ना तिकडचा. सातच्या खाली आम्ल, वर अल्कली. काकांनी पहिल्यांदा मला अगदी पेचात पकडलं, "सांग, रसायन घेताना काय बघायचं?" तेव्हा मी हा शब्द बाहेर काढला. म्हटलं, "काका, आधी त्याचा सामू किती ते विचारा."

काकांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं होतं मी काहीतरी इंग्रजी बोलणार. सामू म्हणजे त्यांच्या गावच्या कुणा भावकीतल्या माणसाचं नाव वाटावं असा शब्द. तो त्यांच्या तोंडात असा बसला की विचारू नका. इस्त्रीवाला वाद घालायला लागला की "आज सामू चढलाय त्याचा." धाकटे शेठ जागा बघून गेले की "सामू दोन. बोललं की अंग भाजतं." कोपऱ्यातल्या आजींबद्दल मात्र आदराने, "सात. पक्की सात."

आणि रसायनांची निवड त्यांनी स्थळं बघावी तशी सुरू केली. "आज अंधेरीचं स्थळ येतंय, लवकर ये," असा ते मला कॉलेजात फोन करायचे. प्रत्येकाची परीक्षा घ्यायला दरवाजा तयार ठेवलेला असायचा. तयार म्हणजे मळवलेला. शिवडीच्या खाडीचा चिखल त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात भरून आणला होता. तो आदल्या संध्याकाळी दरवाजाला उटण्यासारखा लावून ठेवायचे.

अंधेरीचं स्थळ म्हणजे टाय लावलेला एक तरतरीत विक्रेता. काकांनी त्याला पाणी दिलं आणि थेट विचारलं, "आप का सामू कितना है?"

तो म्हणाला, "सामू? हमारे ऑफिस में सामू नाम का कोई नहीं है, अंकल."

काका माझ्याकडे वळले. "कंपनीत सामूच नाही म्हणतो." मी हळूच त्या माणसाला पीएच म्हणालो. त्याने कॅन फिरवून दाखवलं. बारा. काकांनी भुवया चढवल्या, पण परीक्षा होऊ दिली. त्या माणसाने फवारणीच्या बाटलीने फेस मारला. चिखल आपोआप सुटून खाली आला. पाणी मारलं, दरवाजा लख्ख. हात लावायचीसुद्धा गरज नाही, बटण दाबा, पाणी मारा, निघा, हाच तर फायदा, असं तो सांगत होता. मी मनातून टाळ्या वाजवल्या. काकांनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"एवढ्यात झालं?"

"एवढ्यातच, सर," तो मराठीवर येत म्हणाला.

"मग माणूस तिथं थांबून करणार काय?"

त्याला प्रश्न कळला नाही. मलाही नाही. काकांनी त्याला चहा पाजला आणि मुलीचे वडील सांगतात तसं, विचार करून कळवतो, असं सांगितलं.

दुसरं स्थळ मशीद बंदरचं. सुटा माल, चाकं साफ करण्यासाठीचा, नाव-गाव नसलेल्या कॅनमधला. झाकण उघडताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो दरवाजाच्या कडेच्या चकचकीत पट्टीवर लावला तर पट्टी पांढरी पडली. पण एक थेंब काकींच्या तांब्यावर उडाला आणि तांब्यावर लग्नातल्यासारखा लखलखीत ठिपका उठला. काकी गुडघ्यांवर हात ठेवत बाहेर आल्या, ठिपका बघितला आणि त्यांनी आपलं मत दिलं. "ह्याच घेवया. तांब्यो बघा कसो झालो."

"सामू दोन असलेलं घरात आणायचं नाही," काका म्हणाले.

"मगे तुमका चाळीस वर्सां कोणी ठेवन घेतलां?"

काकांनी कॅन परत पाठवला.

असं होत राहिलं. मी माझ्या परीने अभ्यासही केला. ग्रंथालयात साबणांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, ते शब्दकोश जवळ घेऊन वाचलं. काकांना सांगितलं की अंधेरीचा माल नीट पाणी घालून पातळ केला तर रंगाला धोका नाही, आणि तोच सगळ्यांत बरा. काका म्हणाले, "तुझं शंभर टक्के बरोबर आहे." आणि मागणी नोंदवली नाही. पुढच्या आठवड्यात धाकटे शेठ टेप घेऊन आले आणि ट्रेलरची लांबी मोजून गेले.

मला रात्री झोप लागेना. माणूस घड्याळ लावून रसायनं तपासतो, सगळ्यांत वेगवान मिळालं की नाक मुरडतो, आणि जागा जायची वेळ आलीय. याला पाहिजे तरी काय?

रविवारचं मात्र वेगळं असे. रविवारी दरवाजा कोरडा राहायचा. त्या दिवशी काकांचा मुलगा येई. उमेश, खारघरला राहतो, चांगल्या नोकरीत आहे. येतो म्हणजे काय, तर त्याची राखाडी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते. लालबागच्या बाजारात गाडी लावायला जागा कुठली? मागचे रिक्षा-टेम्पो लगेच हॉर्न सुरू करतात. काका पिशवी घेऊन आधीपासून खाली उभे असतात. पिशवीत काकींनी केलेलं तिसऱ्यांचं सुकं नाहीतर सोलकढीची बाटली. काच खाली होते, पिशवी आत जाते, मागच्या सीटवरची नात हात हलवते, काच वर होते. "बाबा, पुढच्या वेळी निवांत," असं उमेश म्हणतो आणि गाडी निघते.

काकी गुडघ्यांमुळे एकेक पायरी घेतात. एकदा मी त्यांना दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबलेलं बघितलं. खालचे हॉर्न बंद झाले होते. "गेलो काय?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. त्या वळल्या आणि पुन्हा वर चढू लागल्या. तेव्हापासून त्या गॅलरीतूनच बघत.

उमेशला वर ये म्हणून कुणी आग्रह करत नसे. सार्वजनिक वाहनतळ लांब, त्याला संध्याकाळच्या आत परतायचं असतं, आणि मुलगा वाईट नाही. फक्त गाडीच्या बाबतीत फार हळवा आहे. सोसायटीतल्या बादलीवाल्याने फडक्याने चरे पाडले म्हणून त्याने त्याला बंद केलं आणि तेव्हापासून गाडीला तो कुणाला हात लावू देत नाही, असं काका कौतुकाने सांगायचे. हे सगळं मी ऐकत होतो, बघत होतो. एकाला एक जोडून बघायचं मात्र मला सुचलं नाही.

तिसरं स्थळ माझगावचं निघालं. एक वयस्कर गृहस्थ घरच्या मोरीत गाड्यांचा शाम्पू बनवत. त्यांना सामूचा अर्थ माहीत होता. तेही मराठी शाळेतले. "सात," ते म्हणाले, "लहान मुलाच्या अंगाला लावा."

काकांनी फेस लावला. चिखल जागचा हलला नाही. काकांनी स्पंज घेतला आणि चोळायला सुरुवात केली. त्यात शिवडीहून मुद्दाम आणलेलं टँकरचं पाणी. फेस यायचा आणि विरून जायचा. माझा दहावीतला दुसरा शब्द इथे उपयोगी पडला. मी म्हटलं, "काका, हे पाणी दुष्फेन आहे. क्षार जास्त. यात साबणाला फेस धरत नाही."

"दुष्फेन," काकांनी चव घेऊन बघितली. "शिवी दिल्यासारखं वाटतं. पण पाणी चांगलं आहे." आणि चोळत राहिले. एका दरवाजाला एवढा वेळ लागला की माझगावचे गृहस्थच ओशाळले. म्हणाले, परब, धंद्याला हा माल चालायचा नाही, मी खरं सांगतो. काकांनी घड्याळ बघितलं. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा मी असा खुललेला बघितला नव्हता.

"स्वभावाने गरीब आहे," ते म्हणाले. "कुणाला दुखवत नाही. घाई नाही. हेच."

मी हादरलो. गृहस्थ गेल्यावर काकांना हात जोडून सांगितलं की या शाम्पूवर धंदा केला तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रेलर येतील. एका गाडीला इतका वेळ लागला तर दुसरा माणूस रांगेत थांबेल कशाला? काका माझ्याकडे जरा दयेने बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, सगळ्यांना अंधेरीचंच घालायचंय. मी काय वेडा आहे?"

"मग हा?"

"हा घरचा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्हीकडे मागणी नोंदवली. माझं अक्षर बरं म्हणून डब्यांवर नावं लिहायचं काम मला दिलं. 'फेस' लिहिलं, 'मेण' लिहिलं. माझगावच्या डब्यावर काय लिहू विचारलं, तर म्हणाले, काही नको, तो माझ्या ध्यानात राहील. तो डबा यंत्राला जोडलाच नाही. एका बादलीजवळ, स्पंजाशेजारी, कोपऱ्यात ठेवला. मी जास्त विचारलं नाही. मला एकूणच काही कळत नव्हतं आणि त्याची आता सवय झाली होती.

दसऱ्याला सकाळी आम्ही टॅक्सीने शिवडीला गेलो. काकी पुढच्या सीटवर, मांडीवर डबा. काकांनी यंत्राला झेंडूचा हार घातला. धाकटे शेठ आले, हात बांधून बाजूला उभे राहिले. पहिली गाडी गोदामातलाच एक टेम्पो होता. ड्रायव्हरने बटण दाबलं, बारा सामूचा फेस धबाधब पडला, पाणी मारलं, टेम्पो नवरदेवासारखा झाला. शेठने नारळ फोडला आणि टेप खिशात घालून गेले. आणखी दोन-तीन गाड्या आल्या. स्वतः धुवायची म्हटल्यावर लोक आधी बावरायचे, मग बंदूक हातात आली की पोरांसारखे खूश व्हायचे.

मग राखाडी गाडी आली. बाबांच्या धंद्याचा पहिला दिवस म्हणून उमेश बायको-मुलीला घेऊन आला होता. काकांनी त्याला थेट कोपऱ्यातल्या ओट्यावर घेतलं, बादली पुढे केली, त्या बिननावाच्या डब्यातलं पाण्यात ओतलं.

"बाबा, बटणवाला फेस नाही का?"

"तो बाराचा आहे. रंग जाईल. तुझ्या गाडीला सात."

रंगाचं नाव काढताच उमेशने इंजिन बंद केलं, बाह्या सरसावल्या आणि तो टपावरून चोळायला लागला. मागे हॉर्न वाजवणारं कुणी नव्हतं. काकी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, जमिनीवर पाय टेकवून. तिथे एकही पायरी नव्हती. नात आधी लांबून बघत होती, मग खुर्चीला रेलली, मग मांडीवर बसली. सून डबा उघडून कुणी काय खायचं ते ठरवत होती. काकी नातीला तांब्याची गोष्ट सांगत होत्या, पहिल्यापासून, काही न गाळता.

उमेश टप उरकून दारापाशी आला होता. तिकडे एक टॅक्सी आली, धुतली आणि गेलीसुद्धा. त्याने तिच्याकडे बघितलं, स्पंज पिळला, म्हणाला, "बाबा, हा साबण काही लागतच नाही. किती चोळायचं?"

"चोळ, झिला. त्याचा स्वभावच तसा आहे."

आणि काका माझ्याकडे आले. सकाळपासून ते घड्याळाकडे बघताना मला दिसले नव्हते. माझ्या खांद्यावर हात ठेवून, उमेशला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "केमिस्ट, त्यात अजून थोडं पाणी घातलं तर चालेल काय?"

मी त्या बादलीकडे बघितलं. काकींकडे बघितलं. गोष्ट अजून मशीद बंदरपर्यंतही आली नव्हती.

"चालेल, काका," मी म्हणालो. "हवं तेवढं घाला."